गूढ अनुभव आणि गुप्त विद्या : आविलाच्या संत तेरेजांच्या गावात

प्रार्थनागटांत, श्रद्धाशिक्षणाच्या वर्गांत आणि कधी कधी रविवारच्या पवित्र मिस्सानंतर चर्चच्या आवारात रेंगाळणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. सूफींची साधना, ज्यू लोकांची कब्बाला, झेन ध्यान, स्फटिकांचे सामर्थ्य, देवदूतांची चित्रे असलेले भविष्यकथनाचे पत्ते अशा नाना विषयांवरील पुस्तके आणि चित्रफिती आता घराघरांत पोहोचल्या आहेत. ‘प्राचीन गुप्त ज्ञान’ शिकविणारे वर्ग शुल्क आकारून चालतात आणि त्यांत आपली ख्रिस्ती माणसेही दिसतात. ह्या सर्व प्रकारांकडे कॅथलिक भाविकाने कोणत्या दृष्टीने पाहावे?

ह्या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. एक असे की, हे सगळे सैतानाचे आहे, त्यापासून दूर राहावे. दुसरे असे की, शेवटी सगळे एकच आहे, कोणत्याही वाटेने जावे. दोन्ही उत्तरांत विचार करण्याचे कष्ट टाळलेले आहेत. पहिल्या उत्तरात अन्य धर्मांतील देवभक्तांवर अन्याय होतो. दुसऱ्या उत्तरात भक्त आणि भोंदू एकाच पंगतीत बसविले जातात.

गोंधळाचे मूळ काही अंशी शब्दांत आहे. मराठीत ‘गूढ’ हा शब्द आपण ईश्वराच्या अनुभवालाही लावतो आणि खुनाच्या कथेलाही. पण आपल्या पवित्र जपमाळेतील रहस्यांचा विचार करून पाहा. ती आपण मोठ्याने घोषित करतो, लहान मुलेही ती पाठ म्हणतात. त्यांत लपविलेले असे काहीच नसते. तरीही जन्मभर जपली तरी ती संपत नाहीत. संत पौल ह्यांच्या पत्रांत ‘मिस्टेरियोन’ हा ग्रीक शब्द ह्याच अर्थाने येतो : युगानुयुगे झाकलेली आणि आता ख्रिस्तामध्ये सर्वांपुढे उघड झालेली देवाची योजना. ह्याउलट पाश्चात्त्य भाषांत गुह्यविद्येसाठी जो ‘एसोटेरिक’ शब्द आहे, त्याचे ग्रीक मूळ ‘आतल्या वर्तुळातले’ असे आहे. आत कोण आणि बाहेर कोण, हा भेद त्या शब्दातच दडलेला आहे. गूढ अनुभव आणि गुप्त विद्या ह्या दोन गोष्टी म्हणून वेगळ्या ओळखायला हव्यात.

हा भेद व्याख्येपेक्षा एखाद्या प्रत्यक्ष स्थळाच्या इतिहासातून चांगला कळतो. असे एक स्थळ म्हणजे स्पेनमधील आविला. माद्रिदच्या वायव्येस, कॅस्टिलच्या उंच आणि थंड पठारावर वसलेले हे तटबंदीचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1,130 मीटर उंचीवर आहे. आपण त्याला संत तेरेजांचे गाव म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या जन्माच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी तिथे दुसरा एक गूढवादी राहून गेला होता. त्याचे नाव मोझेस दे लिओन.

मोझेस हा ज्यू विद्वान. आयुष्याचा मोठा काळ त्याने ग्वादालाहारा येथे काढला आणि अखेरची वर्षे आविलात. 1305 साली जवळच्या आरेव्हालो गावी त्याचा मृत्यू झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘झोहर’ नावाचा अरामी भाषेतील ग्रंथ त्याच्यामार्फत लोकांपुढे येऊ लागला. हा ग्रंथ दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाय ह्यांचा आहे, असे तो सांगत असे. आधुनिक संशोधक मात्र तो मोझेसने किंवा त्याच्या भोवतालच्या अभ्यासमंडळाने रचला असे मानतात. त्याच्या मृत्यूनंतर एका धनिकाने मूळ हस्तलिखितासाठी त्याच्या विधवेला मोठे आमिष दाखविले आणि तिने उत्तर दिले की, असे हस्तलिखित कधी नव्हतेच, तिचा पती स्वतःच्या डोक्यातून लिहीत होता, अशी कथा त्या काळीच सांगितली जात होती. ती खरी असो वा नसो, ‘झोहर’ हा कब्बाला परंपरेचा मध्यवर्ती ग्रंथ झाला.

कब्बालेचा गाभा असा : देव स्वतःमध्ये अनंत आणि अज्ञेय आहे, हिब्रू भाषेत त्याला ‘एन सोफ’, म्हणजे अंत नसलेला, म्हणतात. तो दहा ‘सेफिरोत’मधून, म्हणजे कृपा, न्याय, प्रज्ञा, सौंदर्य इत्यादी रूपांतून, सृष्टीशी नाते जोडतो. माणसाची प्रार्थना आणि आज्ञापालन ह्यांचे पडसाद थेट देवाच्या जीवनात उमटतात. ही शिकवण सर्वांना सरसकट दिली जात नसे. शिकणारा वयाने प्रौढ, धर्मशास्त्रात मुरलेला आणि संसारात स्थिरावलेला असावा, असा दंडक पुढे रूढ झाला. म्हणजे इथे गुप्तता होती, पण ती अपरिपक्व मनाला जपण्यासाठी. आपल्या ख्रिस्तसभेतही पहिल्या शतकांत तसेच होते. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना ख्रिस्तप्रसादाच्या विधीपूर्वी बाहेर पाठविले जाई आणि ‘आमच्या बापा’ ही प्रार्थनादेखील त्यांना तयारीच्या अखेरच्या टप्प्यात शिकविली जाई. तेव्हा केवळ काही गोष्ट राखून ठेवली म्हणून ती वाईट ठरत नाही. राखून ठेवण्याचा हेतू काय, हे पाहावे लागते. मनगटाला लाल दोरा बांधून सौभाग्य विकणाऱ्या आजच्या दुकानदारीशी त्या जुन्या रब्बींचे नाते फार थोडे आहे.

1492 साली स्पेनच्या राजाराणीने बाप्तिस्मा न घेणाऱ्या ज्यूंना देशाबाहेर काढले. 1502 साली कॅस्टिलमधील मुसलमानांपुढेही बाप्तिस्मा किंवा हद्दपारी असा पर्याय ठेवला गेला. श्रद्धा अशी सक्तीने लादता येत नाही, हे आज ख्रिस्तसभा निःसंदिग्धपणे शिकविते. त्या काळी ते विसरले गेले होते. आविलाचे ज्यू निघून गेले. त्यांची जुनी दफनभूमी होती त्याच परिसरात पुढे ‘एन्कार्नासिओन’ हा कार्मेल मठ उभा राहिला. 1535 साली वीस वर्षांची तेरेजा ह्याच मठात दाखल झाली.

तिच्या घराण्याची हकीकतही ह्या इतिहासात गुंतलेली आहे. तिचे आजोबा हुआन सांचेझ हे टोलेडोचे व्यापारी, धर्मांतरित ज्यू. गुप्तपणे ज्यू चालीरीती पाळल्याबद्दल 1485 साली इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायपीठाने, त्यांना प्रायश्चित्ताचा झगा घालून शुक्रवारच्या मिरवणुकांत शहरातील चर्चेसमधून फिरायला लावले. पुढे कुटुंब आविलात आले. ही माहिती देणारी कागदपत्रे 1940 च्या दशकात प्रकाशात आली. त्याआधी सुमारे साडेतीनशे वर्षे संत तेरेजांचे चरित्रकार त्यांच्या थोर कॅस्टिलियन कुळाचे गोडवे गात होते!

मुसलमानांची आध्यात्मिक परंपराही तिथून लगेच पुसली गेली नाही. सोळाव्या शतकात आरेव्हालोचाच एक तरुण, वरकरणी ख्रिस्ती पण मनाने मुसलमान, अरबी लिपीत स्पॅनिश भाषा लिहून आपला धर्म जपत होता. इतिहासात तो ‘आरेव्हालोचा तरुण’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. उबेदाच्या एका अतिवृद्ध, विदुषी मुसलमान स्त्रीकडून आपण धर्मज्ञान घेतल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. ह्याच प्रदेशात संत तेरेजा आणि क्रूसाचे संत योहान वाढले. योहान ह्यांचा जन्म 1542 साली आविलाजवळच्या फोन्तिवेरोस येथे झाला आणि 1591 साली उबेदा येथेच ते प्रभूकडे गेले. त्यांच्या काव्यातील काळोखी रात्र, ज्योत, प्रेमाची मदिरा ही प्रतीके सूफी लेखनातही आढळतात, हे स्पॅनिश धर्मगुरू मिगेल आसिन पालासिओस ह्यांनी विसाव्या शतकात दाखवून दिले. आत्म्याचे सात दालनांत सात कोट, हे संत तेरेजांचे सुप्रसिद्ध रूपक बगदादचे सूफी अबुल हसन नूरी ह्यांच्या नवव्या शतकातील लेखनाशी जुळते, असे विदुषी लुसे लोपेझ बारात ह्यांनी मांडले. मात्र संत तेरेजांनी असा ग्रंथ वाचला होता, असा कोणताही पुरावा नाही. शेजाऱ्यांच्या अंगणातला सुवास जसा आपल्या घरात येतो, तशा काही प्रतिमा लोकांच्या बोलण्यातून आल्या असाव्यात, एवढे म्हणणे मला रास्त वाटते.

ह्यापुढचा भाग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. संत तेरेजांचा काळ गूढ अनुभवांच्या बाजारपेठेचा काळ होता. ‘आलुम्ब्रादोस’, म्हणजे प्रकाश लाभलेले, असे म्हणवणारे गट ग्वादालाहारा आणि टोलेडोच्या परिसरात भरत. आपल्याला थेट ईश्वरी प्रकाश लाभला आहे, आता उपवास, विधी, मूर्ती, शाब्दिक प्रार्थना ह्यांची गरज उरली नाही, अशी त्यांतील कित्येकांची धारणा असल्याचा आरोप होता. 1525 साली इन्क्विझिशनने त्यांच्या 48 विधानांचा निषेध केला. कोर्दोबात मॅग्दालेना दे ला क्रूझ नावाची मठाधिकारिणी दृष्टान्त आणि चमत्कारांसाठी देशभर गाजली. सरदार आणि धर्माधिकारी तिच्याकडे आशीर्वादासाठी जात. 1546 साली तिला शिक्षा झाली, कारण हे सारे सैतानाशी केलेल्या कराराने घडवून आणल्याचे तिने स्वतःच कबूल केले. त्यानंतर आविलात एका धर्मभगिनीला ख्रिस्ताचे दर्शन घडते अशी कुणकुण लागताच लोकांनी काय तर्क केला असेल, ते सांगायला नको.

संत तेरेजा ह्या संशयाने स्वतः भयभीत झाल्या होत्या. 1554 च्या सुमारास जखमी ख्रिस्ताच्या मूर्तीपुढे त्यांचे अंतःकरण पालटले आणि पुढील वर्षांत असाधारण अनुभव येऊ लागले. त्यांनी काय केले? शिष्य गोळा केले नाहीत. आपला अनुभव धर्मगुरूंपुढे, ईशज्ञान्यांपुढे पुन्हा पुन्हा मांडला. केवळ भाविक पापनिवेदकापेक्षा विद्वान पापनिवेदक बरा, असे त्यांचे स्पष्ट मत होते. एका पापनिवेदकाने तर त्यांना सांगितले की, दर्शन घडताच बोटांनी तिरस्काराची खूण करून ते धुडकावून लावा. प्रभूचा असा अपमान करताना त्यांना अतोनात यातना झाल्या; तरीही त्यांनी आज्ञा पाळली. खऱ्या गूढानुभवी व्यक्तीला स्वतःच्या अनुभवापेक्षा सत्याची चाड अधिक असते, हे ह्या प्रसंगात जितके लख्ख दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

1559 साली महान्यायाधिकारी फर्नांदो दे व्हाल्देस ह्यांनी लोकभाषेतील अनेक भक्तिपर पुस्तकांवर बंदी घातली. लॅटिन न येणाऱ्या स्त्रियांच्या हातून त्यांची आवडती पुस्तके गेली. संत तेरेजा दुःखी झाल्या. प्रभूने आपल्याला जिवंत ग्रंथ देण्याचे वचन दिले, असे त्या पुढे सांगत. मग त्यांनीच लेखणी उचलली आणि साध्या कॅस्टिलियन बोलीत, आपल्या भगिनींना कळेल अशा भाषेत लिहिले. ‘आत्मचरित्र’, ‘पूर्णत्वाचा मार्ग’ आणि 1577 साली ‘अंतरीचा गड’. सांकेतिक भाषा नाही, दीक्षेची अट नाही, गुरूला दक्षिणा नाही. आत्मचरित्र मात्र इन्क्विझिशनच्या ताब्यात गेले. 1575 साली ते तपासणारे डोमिनिकन विद्वान दोमिंगो बान्येझ ह्यांनी त्यात काही दोष नाही असा निर्वाळा दिला, तरी ते सर्वांच्या हाती देऊ नये असेही सुचविले. 1582 च्या 4 ऑक्टोबरच्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे संत तेरेजांनी देह ठेवला. त्याच रात्री नवी ग्रेगरियन दिनदर्शिका लागू झाल्याने दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर उजाडला. आत्मचरित्र छापले गेले 1588 साली. 1970 मध्ये संत पोप सहावे पॉल ह्यांनी त्यांना ‘ख्रिस्तसभेच्या पंडिता’ ही पदवी दिली; हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

‘अंतरीचा गड’ हे पुस्तक सात दालनांच्या प्रवासाचे आहे. पहिल्या दालनात माणूस स्वतःला ओळखू लागतो, सातव्यात देवाशी त्याचे अखंड ऐक्य होते. गुप्त विद्येच्या एखाद्या ग्रंथात सातव्या पायरीवर काय मिळाले असते? सिद्धी, सामर्थ्य, भविष्याचे ज्ञान. संत तेरेजांच्या सातव्या दालनात माणसाला काम मिळते. ह्या मीलनाचा हेतू सत्कृत्ये जन्मास यावीत हाच, असे त्या आग्रहाने सांगतात. मार्था आणि मरिया ह्या दोघी बहिणींनी मिळून प्रभूचे आतिथ्य केले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. आपले देवावर प्रेम आहे की नाही हे निश्चित कळणे कठीण, पण शेजाऱ्यावर आहे की नाही हे कळते, म्हणून तिथे पाहा, ही त्यांची कसोटी.

त्यांचे व्यवहारज्ञान तर विलक्षण होते. चौथ्या दालनाचे वर्णन करताना त्या अशा भगिनींविषयी लिहितात, ज्या अति उपवास आणि जागरणांनी अशक्त होऊन गुंगीत पडतात आणि त्यालाच समाधी समजतात. स्पॅनिश भाषेत भावसमाधीला ‘अर्रोबामिएन्तो’ म्हणतात. संत तेरेजांनी त्यावर कोटी करून ह्या प्रकाराला ‘अबोबामिएन्तो’, म्हणजे निव्वळ बावळटपणा, असे नाव दिले. एक भगिनी आठ आठ तास अशी पडून राही. उपाय म्हणून तिला पोटभर जेवू घालून झोपू दिले गेले, आणि ‘समाधी’ संपली.

क्रूसाचे संत योहान ह्याहून कठोर. दृष्टान्त, वाणी, सुवास असे काही आले तरी त्याला धरून बसू नये, खरे असेल तर त्याचे फळ आत्म्यात आपोआप उतरते, अशी त्यांची शिकवण. पित्याने आपल्या पुत्रामध्ये सर्व काही सांगून टाकले आहे. आता नवे साक्षात्कार मागणारा माणूस ख्रिस्तावरची दृष्टी अन्यत्र वळवितो, हा त्यांचा युक्तिवाद ‘कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ’ ह्यातही घेतला गेला आहे. हे लिहिणारा माणूस कोरडा पंडित नव्हता. 1577 च्या डिसेंबरात सुधारणेला विरोध करणाऱ्या स्वतःच्याच संघबंधूंनी त्यांना टोलेडोच्या एका अंधाऱ्या कोठडीत डांबले. सुमारे नऊ महिने त्यांनी तिथे काढले आणि त्यांच्या सर्वोत्तम काव्यातील कित्येक कडवी तिथेच जन्मली.

ही कसोटी हाती घेऊन अन्य परंपरांकडे पाहिले की आदराने पाहता येते. बसऱ्याच्या राबिया ह्या आठव्या शतकातील सूफी स्त्रीची कथा अशी की, त्या एका हाती मशाल आणि दुसऱ्या हाती पाण्याचे भांडे घेऊन निघाल्या. स्वर्ग जाळायचा आणि नरक विझवायचा, म्हणजे लोक लोभावाचून आणि भयावाचून देवावर प्रेम करतील. इमाम गझाली ह्यांनी 1095 साली बगदादमधील मानाचे अध्यापकपद सोडले, कारण सूफी मार्ग ग्रंथांनी नव्हे तर चारित्र्य पालटल्याने कळतो, हे त्यांना उमगले. आपल्या महाराष्ट्रातही तुकोबांनी भोंदू साधूंवर आसूड ओढले आणि देवाचा अनुभव भर बाजारपेठेत, सर्व जातींच्या लोकांसमोर कीर्तनातून मांडला. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे ह्यांनी आपल्या संशोधनासाठी तुकोबांचा ईश्वरानुभव हाच विषय निवडला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ह्या सर्वांची ईश्वरविषयक समजूत आपल्यासारखीच आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. गझालींना ख्रिस्ताचे देवत्व मान्य नव्हते आणि झेन साधकाला व्यक्तिरूप देवाचीही गरज वाटत नाही. हे मतभेद खरे आहेत आणि ते झाकून संवाद होत नाही. परंतु अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, ही दुसऱ्या व्हॅटिकन महासभेची 28 ऑक्टोबर 1965 ची घोषणा आजही आपली दिशा आहे.

गुप्त विद्येचा प्रवाह मात्र वेगळा आणि फार जुना आहे. दुसऱ्या शतकात ज्ञेयवादी पंथ सांगत असत की, येशूने खरी शिकवण मोजक्या शिष्यांना कानात सांगितली आणि तिने जडदेहाच्या तुरुंगातून सुटका होते. 1945 साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांमुळे त्यांचे लेखन आज आपल्याला वाचता येते. ल्योंचे बिशप संत इरेनियस ह्यांनी सुमारे 180 साली त्यांना जे उत्तर दिले, ते अजून शिळे झालेले नाही : प्रेषितांना काही सांगायचे असते तर त्यांनी ते ज्यांच्या हाती ख्रिस्तमंडळ्या सोपविल्या त्यांनाच, आणि उघडपणे, सांगितले असते. पुढे 1875 साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने सर्व धर्मांच्या पोटात एकच गुप्त ज्ञान आहे ही कल्पना जगभर नेली आणि आजच्या ‘न्यू एज’ वर्गांची बरीचशी परिभाषा तिथूनच आली आहे.

व्हॅटिकनने ह्याविषयी मौन पाळलेले नाही. ख्रिस्ती ध्यानाविषयीचे पत्र 1989 साली नेमके संत तेरेजांच्या सणादिवशी, 15 ऑक्टोबरला, निघाले. पूर्वेकडील ध्यानपद्धती ख्रिस्ती नाहीत एवढ्याच कारणाने त्या टाकू नयेत, असे त्यात म्हटले आहे. पण शरीराला लाभलेली शांती म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असा गैरसमज करून घेऊ नये, असेही बजावले आहे. 2003 मध्ये ‘न्यू एज’वर स्वतंत्र दस्तऐवज आला. 2018 साली पोप फ्रान्सिस ह्यांनी पावित्र्यावरील आपल्या प्रेषितीय पत्रात जुन्या ज्ञेयवादाच्या नव्या रूपांविषयी लिहिले.

आता घरातील प्रश्नाकडे येऊ. आजार, मूल नसणे, नोकरी जाणे, जवळच्या माणसाचा मृत्यू, अशा वेळी आपला भाऊ किंवा बहीण एखाद्या ‘गुप्त साधने’च्या वर्गाकडे वळते. अशा माणसाला आधी रागावू नये. त्याचे दुःख ऐकून घ्यावे, कारण बहुधा धर्मग्रामात ते कोणी ऐकलेले नसते. त्यानंतर संत तेरेजा विचारतील तेच विचारावे. ही शिकवण कोणाला दाखविण्याची मुभा आहे का? पुढच्या पायरीसाठी वाढीव रक्कम मागतात का? ह्या साधनेनंतर सासूशी, सुनेशी, कामवालीशी बोलणे अधिक मृदू झाले का? की आपण इतरांहून वरचे झालो, असे वाटू लागले?

आणि कोणाला खरोखरच दर्शन घडल्यासारखे वाटले, आवाज ऐकू आला, तर त्या व्यक्तीने ते चित्रफितीतून जगाला सांगण्याआधी आपल्या धर्मगुरूंना भेटावे, आणि झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, तर डॉक्टरांनाही. श्रद्धासिद्धान्तविषयक व्हॅटिकन विभागाने 17 मे 2024 रोजी अशा घटनांच्या पडताळणीचे नवे नियम प्रसिद्ध केले. चौकशी बिशपांनी करायची आणि निर्णयाला त्या विभागाची संमती घ्यायची. घटना अलौकिकच आहे अशी घोषणा आता सर्वसाधारणपणे केली जात नाही. तिच्याभोवती भाविकांनी प्रार्थना करण्यास हरकत आहे की नाही, एवढेच सहा प्रकारच्या निष्कर्षांतून सांगितले जाते. पैसा, सत्ता किंवा प्रसिद्धी मिळविण्याची धडपड दिसली तर ती प्रतिकूल बाब धरली जाते. हरकत नाही असा निर्णय आला, तरी त्या घटनेवर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणत्याही भाविकावर येत नाही.